चार चिन्हे, एक कौल

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा देशभराचा आकडा पाहिला तर काँग्रेसला काळजी करण्यासारखे काहीच नव्हते. १९५२ मध्ये लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या होत्या, आता ४९४ पैकी ३७१ मिळाल्या. पंडित नेहरूंवरचा लोकांचा विश्वास पाच वर्षांत तसूभरही कमी झाला नव्हता. विरोधी बाकांवर सर्वांत मोठा पक्ष कम्युनिस्टांचा, आणि त्याचे खासदार अवघे २७. पण याच निवडणुकीत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, कोकणपट्टीत आणि देशावर, खानदेशापासून कोल्हापूरपर्यंत काँग्रेसची फळी कोसळली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले, गावोगाव नावाने ओळखले जाणारे नेते पडले. देशाचा कौल एक आणि या पट्ट्याचा कौल नेमका उलटा, असे स्वतंत्र भारतात इतक्या ठळकपणे फार थोड्या वेळा घडले आहे.

संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास सांगताना आपण फ्लोरा फाउंटनचा गोळीबार सांगतो, आचार्य अत्र्यांच्या सभा सांगतो, अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचे पोवाडे सांगतो, आणि शेवटी यशवंतरावांनी आणलेला मंगलकलश. हे सगळे सांगायलाच हवे. पण या कथनात १९५७ च्या मतमोजणीच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते, आणि हे मला अन्यायाचे वाटते. हुतात्म्यांच्या रक्ताने मागणीला नैतिक बळ दिले. राज्य मात्र मतपेटीने मिळवून दिले. त्या निकालाकडे आज पुन्हा पाहायचे ते केवळ स्मरणरंजनासाठी नाही. एखाद्या प्रदेशाने संसदेच्या निवडणुकीत वेगळा कौल दिला तर त्याचे पुढे काय होते, तो कधी फळतो आणि कधी वाया जातो, याचा धडा त्यात आहे, आणि त्यानंतरच्या साडेसहा दशकांत तो आपल्याला वारंवार लागला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. बेळगावच्या १९४६ च्या साहित्य संमेलनाने मराठी भाषकांच्या एका राज्याची मागणी केली. दार आयोगाने १९४८ मध्ये भाषावार प्रांतरचनेला नकार दिला. जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभी यांच्या समितीनेही १९४९ मध्ये हात आखडता घेतला. पोट्टी श्रीरामुलू यांच्या उपोषणात झालेल्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये आंध्र राज्य झाले आणि सरकारला राज्य पुनर्रचना आयोग नेमावा लागला. १९५५ च्या शरदात आलेल्या त्याच्या अहवालाने मराठी आणि गुजराती प्रदेशांचे द्विभाषिक राज्य सुचवले आणि विदर्भाचे स्वतंत्र. मग मुंबई वेगळी काढण्याची त्रिराज्य योजना आली. २१ नोव्हेंबर १९५५ आणि पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळ्या चालल्या, आणि बळी गेलेल्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मंत्रिपद सोडले. ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने पुन्हा द्विभाषिकाचाच तोडगा काढला: विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ सगळे एकत्र घेऊन विशाल मुंबई राज्य. १ नोव्हेंबरला ते अस्तित्वात आले आणि भाऊसाहेब हिऱ्यांना मागे टाकून यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. बेळगाव, कारवार, निपाणी हा भाग त्याच दिवशी म्हैसूर राज्यात गेला. निवडणूक चार महिन्यांवर होती.

आता त्या वेळचा मतदार नेमके काय करत होता ते जरा जवळून पाहू, कारण त्यातच या निकालाचे खरे मोल आहे. १९५७ मध्ये मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. बोटाला शाई लागली की मतदाराच्या हाती कागद दिला जायचा. तो घेऊन पडद्याआड गेले की समोर पेट्यांची रांग असायची, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. ज्याला मत द्यायचे त्याच्या पेटीत कागद टाकायचा आणि बाहेर यायचे. काही मतदारसंघ दोन सदस्यांचे होते, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. तिथे मतदाराच्या हाती दोन कागद, आणि ते दोन वेगवेगळ्या पेट्यांत पडायला हवेत. अक्षरओळख नसलेल्या माणसासाठी ही पद्धत सोयीची होती, अट एकच: आपले चिन्ह त्याला ठाऊक हवे. काँग्रेसची बैलजोडी पाच वर्षांत घराघरात पोचली होती.

समितीपुढची अडचण इथेच होती. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र समिती हा काही एक पक्ष नव्हता. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ, हिंदुसभा आणि कितीतरी अपक्ष, सगळे एका मागणीसाठी एका मांडवाखाली आलेले. प्रत्येकाचे चिन्ह वेगळे. म्हणजे राजापूरच्या मतदाराने नाथ पैंना निवडायचे तर प्रजासमाजवाद्यांच्या झोपडीच्या पेटीत कागद टाकायचा. शेजारच्या रत्नागिरीत प्रेमजीभाई आशर यांच्यासाठी जनसंघाची पणती शोधायची. साताऱ्यात नाना पाटलांसाठी विळा आणि कणीस. नाशिकला दादासाहेब गायकवाडांसाठी हत्ती. एकाच मागणीसाठी घाटाच्या वर एक पेटी, घाटाच्या खाली दुसरी. एरवी हे पक्ष एकमेकांची तोंडे पाहायला तयार नसत. जनसंघाचा कार्यकर्ता कम्युनिस्ट उमेदवाराचा प्रचार करतो आणि समाजवादी कार्यकर्ता जनसंघाच्या उमेदवाराचा, हे दृश्य त्याआधी कुणी पाहिले नव्हते आणि त्यानंतरही क्वचितच दिसले. मतदार या भुलभुलैयात गोंधळेल, असे कोणालाही वाटले असते. तो गोंधळला नाही. रत्नागिरीत पणती निवडून आली, राजापुरात झोपडी, साताऱ्यात विळा-कणीस, नाशिकला हत्ती. चार चिन्हे, चार विचारसरणी, आणि कौल एकच.

निवडून आलेल्यांची यादी वाचताना आजही छाती भरून येते. पुण्यातून नानासाहेब गोरे, मुंबई मध्यमधून कॉम्रेड डांगे, ठाण्यातून शामराव परुळेकर, अहमदनगरमधून खाडिलकर, कोपरगावातून बी. सी. कांबळे, पूर्व खानदेशातून नौशेर भरुचा, कोल्हापुरातून शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर. चिंतामणराव देशमुखांच्या कुलाब्यात शेकाप जिंकला. जनसंघाला त्या वर्षी सबंध देशात लोकसभेच्या चार जागा मिळाल्या. त्यातल्या दोन महाराष्ट्रातल्या होत्या, रत्नागिरी आणि पश्चिम खानदेश. (उरलेल्या दोन उत्तर प्रदेशातल्या, आणि त्यातल्या बलरामपूरहून अटलबिहारी वाजपेयी पहिल्यांदा संसदेत गेले.) महाराष्ट्रातल्या या दोन जागा जनसंघाच्या विचाराला मिळालेल्या नव्हत्या, हे त्या पक्षालाही ठाऊक होते, जसे साताऱ्याने साम्यवाद स्वीकारला नाही हे डांग्यांना ठाऊक होते.

यातले शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे यश मला सर्वांत मोलाचे वाटते. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. निवडणूक जेमतेम तीन महिन्यांवर. मुंबई महाराष्ट्राचीच आहे हे बाबासाहेबांनी १९४८ मध्येच दार आयोगापुढच्या निवेदनात मुद्देसूद मांडले होते. नंतर त्यांनी वेगवेगळ्या रचनांचा विचार केला, तरी फेडरेशन अखेर समितीबरोबर राहिले. नाशिकची जागा दादासाहेबांनी जिंकली. मुंबई मध्यमध्ये डांग्यांबरोबर फेडरेशनचे उमेदवार निवडून आले आणि कोल्हापुरात महागावकरांबरोबरही फेडरेशनचेच. आपल्या गावकुसाचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना या मतांचे वजन कळेल. एरवी ज्या हातांनी हत्तीच्या पेटीकडे पाहिलेही नसते त्यांनी तीत कागद टाकला. एका निवडणुकीने जातीची भिंत पडली नाही, आणि पुढे ती पुन्हा उभीही दिसली. पण महाराष्ट्राच्या मागणीने तिला खिंडार पाडता येते हे त्या महिन्यात सिद्ध झाले.

पराभूतांची यादीही तितकीच बोलकी आहे. पुण्यात काकासाहेब गाडगीळ पडले. केंद्रात मंत्री राहिलेला, मुंबईसह महाराष्ट्रासाठी संसदेत तळमळून बोललेला हा माणूस. विधानसभेत भाऊसाहेब हिरे पडले; तेही संयुक्त महाराष्ट्राचेच. या दोघांच्या निष्ठेवर मतदाराचा अविश्वास नव्हता. पण बैलजोडीच्या पेटीत पडलेला प्रत्येक कागद दिल्लीत द्विभाषिकाला संमती म्हणून मोजला जाईल, हे मतदाराने ओळखले होते आणि म्हणून त्याने मनावर दगड ठेवला. खुद्द यशवंतराव कऱ्हाडमधून जेमतेम निवडून आले. मताधिक्य दोन हजारांच्याही आत होते. दुसरीकडे, समितीच्या स्थापनेत अग्रभागी असलेले केशवराव जेधे निवडणुकीपूर्वी काँग्रेसमध्ये परतले आणि बारामतीतून निवडूनही आले. लाट म्हणतो तेव्हाही काही खडक कोरडे राहतात, हे इतिहास लिहिताना विसरू नये. मुंबईतही दक्षिणेची जागा स. का. पाटलांनी राखली आणि उत्तरेतून कृष्ण मेनन विजयी झाले. जानेवारीतच संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर केलेल्या मॅरेथॉन भाषणाची कीर्ती त्यांच्या मागे होती.

या निकालाची दुसरी बाजू आपल्या कथनात हटकून गाळली जाते. समिती जिंकली ती पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात, खानदेशात आणि मुंबईच्या गिरणगावात. विदर्भ आणि मराठवाडा काँग्रेसबरोबर राहिले. द्विभाषिकाच्या विधानसभेत काँग्रेसला ३९६ पैकी २३४ जागा मिळाल्या आणि लोकसभेच्या ६६ पैकी ३८. हे बहुमत गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर उभे होते. मराठवाड्याच्या दृष्टीने निजामाच्या राज्यातून सुटून मराठी मुलखाशी जोडले जाणे हेच मोठे होते, आणि ते द्विभाषिकाने साधले होते. विदर्भाचे गणित वेगळे. नागपूरचे राजधानीपद नुकतेच गेले होते, १९५३ च्या नागपूर कराराच्या आश्वासनांवर तिथे पुरता विश्वास नव्हता, आणि आयोगाने देऊ केलेले स्वतंत्र राज्य हातचे गेल्याची सल होती. तेव्हा १९५७ चा कौल सगळ्या मराठी माणसांचा एकमुखी कौल होता, असे म्हणणे भावनेला गोड वाटले तरी खरे नाही. अर्ध्या महाराष्ट्राने राज्य मागितले आणि उरलेल्या अर्ध्याने ते नाकारले नाही, इतकेच म्हणता येते.

मग या अर्ध्या कौलाने राज्य कसे मिळाले? कारण तो मोजणाऱ्याच्या वर्मी लागला. पहिली गोष्ट, गुजरातमध्येही हेच चालले होते. महागुजरात जनता परिषदेचे इंदुलाल याज्ञिक अहमदाबादहून निवडून आले. म्हणजे ज्यांच्या सोयीसाठी द्विभाषिक केले असे सांगितले जात होते, त्यांच्या मुख्य शहरानेच ते फेटाळले. दुसरी गोष्ट, मराठी काँग्रेसवाल्यांनाही मनातून तेच राज्य हवे होते. पराभवाने त्यांना दिल्लीत बोलण्याचे बळ दिले. तिसरी, १९६२ ची निवडणूक समोर दिसत होती. निकालानंतर मुंबई महापालिकाही समितीकडे गेली आणि १९५८ मध्ये कम्युनिस्ट मिरजकर महापौर झाले. देशाच्या आर्थिक राजधानीत काँग्रेसला पाय रोवायला जागा उरेना.

यशवंतरावांचे मोठेपण इथे मान्य केले पाहिजे. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंकडे जाऊ, अशी भूमिका घेतल्याबद्दल त्यांनी अपार निंदा सोसली होती. पण हरलेला निकाल नीट वाचणारे राजकारणी थोडे असतात. ते त्यांतले होते. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने काळ्या निशाणांची निदर्शने केली. घाटरस्त्याच्या कडेला हजारो माणसे उभी होती, एस. एम. जोशींसारखे नेते शिस्त राखायला होते, आणि कुठे दगड उचलला गेला नाही. ज्या माणसांनी मार्चमध्ये मत दिले होते, तीच नोव्हेंबरात उन्हात उभी राहिली. हे आंदोलन विझणारे नाही, हा त्याचा अर्थ यशवंतरावांनी दिल्लीला समजावला. इंदिरा गांधी १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, द्विभाषिकाचा फेरविचार सुरू झाला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. मतदानापासून तीन वर्षे आणि दीड महिना.

त्यानंतर जे झाले ते समितीच्या नेत्यांना जिव्हारी लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या, विधानसभेत २६४ पैकी २१५. पुण्यात नानासाहेब गोरे पडले. साताऱ्यात नाना पाटलांच्या जागी काँग्रेसचे किसन वीर आले. डांगे लोकसभेबाहेर राहिले. पुढच्याच वर्षी, संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव लोकसभेवर गेले ते नाशिकहून, बिनविरोध. सहा वर्षांपूर्वी हत्ती निवडणाऱ्या नाशिकहून. याला कोणी कृतघ्नपणा म्हटले. मला तसे वाटत नाही. मतदाराने समितीला एका कामासाठी निवडले होते, ते काम झाले, आणि मतदार आपल्या जुन्या घरी परतला. समितीतले पक्ष मात्र ती मते आपल्या तत्त्वज्ञानाला मिळाली असे मानू लागले होते, राज्य येण्याआधीच एकमेकांशी भांडून वेगळे होऊ लागले होते. राज्यासाठी एक झालेल्या या पक्षांना राज्य चालवण्याचा एक कार्यक्रम कधीच मांडता आला नाही. सहकार, शेती, शिक्षण यांवर समितीचे म्हणून काही सामाईक उत्तर असते तर १९६२ चा निकाल कदाचित वेगळा लागला असता. महाराष्ट्राला पहिली काही दशके समर्थ विरोधी पक्ष मिळाला नाही याची मुळे इथे आहेत.

असा कौल दरवेळी फळतोच असे नाही. त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्या शेजारचे. स्वतंत्र तेलंगणासाठी १९६९ मध्ये तिथे रक्त सांडले. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत, देशभर इंदिरा गांधींची लाट असताना, तेलंगण प्रजा समितीने त्या भागातल्या १४ पैकी १० जागा जिंकल्या. हा कौल १९५७ इतकाच स्पष्ट होता, किंबहुना अधिक. पण इंदिरा गांधींकडे ५१८ पैकी ३५२ जागा होत्या. त्यांना तेलंगणाच्या दहा जागांची गरज नव्हती, आणि आंध्रच्या बाकीच्या भागाला राज्य फुटायला नको होते. काही महिन्यांत प्रजा समिती काँग्रेसमध्ये विलीन झाली. तेलंगणाला राज्याऐवजी मुख्यमंत्री मिळाला, पी. व्ही. नरसिंह राव. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारा हा विद्वान माणूस आपल्या भागाचे दुःख जाणत नव्हता असे नाही. पण एका माणसाला पद देऊन प्रदेशाचा प्रश्न सुटत नसतो. तेलंगण राज्य व्हायला २ जून २०१४ उजाडावे लागले. एका पिढीने दिलेल्या मताचे उत्तर तिच्या नातवंडांना मिळाले.

आणि बेळगाव? तिथल्या मराठी माणसांनी तर एकदा सोडून अनेकदा मत दिले. दशकानुदशके महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार त्यांनी म्हैसूरच्या, पुढे कर्नाटकाच्या विधानसभेत पाठवले. १९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केले तेव्हा महाजन आयोग नेमला गेला, त्याने १९६७ मध्ये बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवायला सांगितले, महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. लोकशाहीत मत दिले की ऐकले जाते, असे आपण मुलांना शिकवतो. बेळगावच्या माणसाने हे प्रामाणिकपणे करून पाहिले. पण त्याचे मत बंगळुरूच्या सत्तेला कधी हलवू शकले नाही, लोकसभेची एकही जागा ते पालटू शकले नाही, आणि मुंबईतल्या सत्ताधाऱ्यांचे तर त्या मताने काहीच बिघडत नव्हते. ज्या महाराष्ट्राने १९५७ च्या बळावर आपले राज्य मिळवले त्याने हा भाग मागे सोडला, आणि दरवर्षी एक ठराव करून समाधान मानले. ही आपली लाज आहे.

विदर्भाचा कौलही असाच वाया गेला. १९६२ मध्ये काँग्रेसने ज्या तीन जागा गमावल्या त्यांतली एक नाथ पैंची राजापूर. उरलेल्या दोन्ही विदर्भातल्या होत्या. नागपूरने वेगळ्या विदर्भाचा आयुष्यभर पुरस्कार करणाऱ्या लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून निवडून दिले, आणि चांद्याने आदिवासींचे राजे लाल श्यामशहा यांना. १९७१ मध्ये काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या तेव्हाही नागपूरने जांबुवंतराव धोट्यांना निवडले. दोन्ही वेळा निरोप तोच होता आणि दोन्ही वेळा तो ४१ आणि ४२ च्या बेरजेत बुडाला. प्रश्न मात्र बुडाला नाही. १९८४ मध्ये दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला तेव्हा तो ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक भरला, आणि त्यातला फार मोठा भाग सिंचनासह विदर्भ-मराठवाड्याच्या वाट्याचा होता. घटनेच्या ३७१ (२) कलमात १९५६ सालीच तरतूद असलेली वैधानिक विकास मंडळे यायला १९९४ उजाडले, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली ती वाढवली गेली नाही. वेगळा विदर्भ व्हावा की न व्हावा यावर दोन मते असू शकतात; माझे मत तो महाराष्ट्रातच राहावा असे आहे. पण ज्याला तो राहावा असे वाटते त्याच्यावरच १९६२ चा आणि १९७१ चा नागपूरचा निकाल वाचण्याची जास्त जबाबदारी आहे.

हे सगळे जुने म्हणून सोडून देता येत नाही, कारण २०२४ मध्ये हेच पुन्हा घडले. देशात सत्ता राखलेल्या आघाडीला महाराष्ट्रात ४८ पैकी १७ जागा मिळाल्या, भाजप २३ वरून ९ वर आला, आणि मराठवाड्यातल्या आठांपैकी सात जागा विरोधकांकडे गेल्या. मराठा आरक्षणाचा प्रश्न, सोयाबीनचा पडलेला भाव, नाशिक-दिंडोरीकडे कांद्याची निर्यातबंदी, यांचा तो स्पष्ट कौल होता. सत्ताधाऱ्यांनी तो ओळखला आणि पाच महिन्यांत पावले उचलली. महिलांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा होऊ लागले. विरोधकांनी मात्र, १९६२ च्या आधीच्या समितीप्रमाणे, ती मते आपल्यावरच्या प्रेमाची समजली आणि जागावाटपात वेळ घालवला. नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८ पैकी १३२ जागा एकट्या भाजपने जिंकल्या. निकाल उलटला, पण जूनमध्ये विचारलेला प्रश्न सुटला का? त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात शेतकरी त्याहून कमी भावाने माल घालत होता. यशवंतरावांनी पराभव वाचून मागणी पुरी केली होती. आता पराभव वाचून मतदाराची नाराजी तेवढी शमवली जाते. या दोन वाचनांतला फरक साधा नाही.

म्हणून एक आग्रहाची विनंती शाळांना, ग्रामपंचायतींना, वृत्तपत्रांना आणि सत्तेवर असलेल्यांनाही. १ मे रोजी हुतात्म्यांना वंदन झाल्यावर १९५७ च्या मार्चमधल्या त्या निकालाची यादीही वाचून दाखवा: राजापूर, रत्नागिरी, सातारा, नाशिक, पुणे, कुलाबा, ठाणे, कोल्हापूर. आणि ती वाचून झाल्यावर त्याच व्यासपीठावरून १९६२ चे नागपूर आणि चांदाही वाचा.